पिपरटोल्याच्या वाटेसाठी दोन टायर

लाखनीच्या हायवेवर एका टायरच्या दुकानापुढे जागेश्वर नान्हे आपल्या मेटाडोरमागे उकिडवा बसला होता. गाडी एकोणीस वर्षांची. मागे चार टायर, दोन डाव्या अंगाला, दोन उजव्या. चारही तळहातासारखे गुळगुळीत झालेले. डावीकडच्या बाहेरच्या टायरमधून तर आतला धागाही डोकावायला लागला होता. पहाटे गावाहून निघून डांबरी रस्त्याने या टायरांनी इथवर कसंबसं आणून सोडलं होतं. पण दुपारी परतताना पिपरटोल्याच्या तलावाकडची शेवटची दीड किलोमीटर वाट डांबरी नव्हती. ती होती कन्हाराची, भिजली की पायातली चप्पल ओढून घेणारी काळी चिकट माती. आणि चार दिवसांपासून झड लागलेली.

"भाऊ, आठ वाजले," कुंताबाई म्हणाली.

ती बसायला तयार नव्हती. दुकानाच्या पायरीवर छत्री टेकवून उभीच होती. पिपरटोल्याच्या बायकांच्या गटाने गावचा तलाव मासे पाळायला ठेक्याने घेतला होता आणि कुंताबाई त्या गटाची अध्यक्ष. त्याआधी तीस वर्षं तिने डोक्यावर मासोळीचं टोपलं घेऊन नाकाडोंगरीपासून पुढचे सगळे बाजार पायाखाली घातले होते.

साडेदहाला इथून जवळच्या मत्स्यबीज केंद्रावर साठ पिशव्या तयार होणार होत्या. रोहू, कतला, मिरगल यांची बोटाएवढी पिल्लं. प्लॅस्टिकच्या पिशवीत थोडं पाणी, वर फुगवून भरलेला ऑक्सिजन आणि तोंडाला घट्ट रबर. "पिशवी बांधली की पाच तास," केंद्राचा माणूस फोनवर म्हणाला होता. "सहावा तास देवाचा."

जागेश्वरला हे कुणी सांगायची गरज नव्हती. मागच्या साली सहावा तास त्याने डोळ्यांनी पाहिला होता.

मागच्या साली हेच टायर होते, थोडे बरे. तलावाच्या वाटेवर नाल्याचा उतार लागतो, तिथे गाडी फसली आणि आसापर्यंत खाली गेली. ट्रॅक्टर यायला तीन तास लागले. पिशव्यांतली पिल्लं एकेक करून उलटी होत गेली, पांढरी पोटं वर. त्या दिवशी त्याला कुणी शिवी दिली नाही. कुंताबाईने रिकाम्या पिशव्यांची मोट बांधली, त्याच्या कॅबिनमध्ये ठेवली आणि "हे तुमच्या गाडीतलं" एवढंच बोलून चालू लागली. पण एक गोष्ट तिलाही ठाऊक नव्हती. उताराच्या अलीकडे मुरमाचा एक टणक तुकडा होता. जागेश्वरला तो दिसला होता. तिथे गाडी उभी केली असती तर बायकांनी पिशव्या उचलून नेल्या असत्या. पण मग गावभर झालं असतं की जागेश्वरची गाडी पोचली नाही. म्हणून त्याने अ‍ॅक्सिलरेटर दाबला. वर्षभर ही गोष्ट त्याच्या पोटात पडून होती, न पचलेल्या घासासारखी.

यंदा गटातल्या बायकांना प्रविणची नवी पिकअप हवी होती. प्रविणने येऊन तलावाकडचा चिखल पाहिला, हात जोडले आणि तो निघून गेला. मग कुंताबाई जागेश्वरच्या दारात आली. "टायर बदलवत असाल तं तुमची गाडी," ती म्हणाली. "अन् टायर घेतानी मी सोबत राहीन."

दुकानाचा मालक धनंजयशेठ शटर वर करून आला. जागेश्वर उठला.

"शेठ, लगचे टायर दाखवा. मागच्याले. खोल गोट्यांचे."

लगचा टायर म्हणजे आडव्या जाड गोट्यांचा. साधा टायर चिखलावर घसरतो, लगचा टायर चिखल फाडून बाहेर फेकतो. शेठने नवे चार दाखवले आणि भाव सांगितला. जागेश्वरने खिशावर हात ठेवला. चारांचे पैसे नव्हते. दोनांचे होते, तेही जेमतेम.

"मग तुमच्यासाठी दुसरं आहे माझ्याकडे," शेठ म्हणाला आणि त्याने आतून चार टायर लोळवत आणवले. जुने, पण काळेभोर, चकचकीत. "एका ठेकेदाराच्या गाडीवर महिनाभर चालले फक्त. दोन नव्यांच्या भावात चारही घेऊन जा."

जागेश्वरने आगपेटीची काडी काढून दोन गोट्यांच्या मधे उभी केली. गुलापर्यंत आत गेली. त्याच्या छातीवरचा दगड हलला. एवढी खोली असली तर तो उतार काहीच नव्हता. तो "बांधा" म्हणणार, तेवढ्यात कुंताबाईने छत्री भिंतीला टेकवली.

"जरा मले पाहू द्या."

शेठ हसला. "बाई, हे मासे नाहीत."

"म्हणून तं पाहून राहिली." तिने टायरवर बोट फिरवलं आणि वर धरलं. बोट काळं झालं होतं. नाकाशी नेऊन तिने वास घेतला. "बाजारात शिळ्या मासोळीवर पाणी मारून चकाकवते ना, तसं लागते मले. भाऊ, मासोळीचं आम्ही गलफडं उघडून पायतो. याचं गलफडं कोठं रायते?"

जागेश्वरचे कान गरम झाले. तीस वर्षं गाडी चालवून जे आपण करायला हवं होतं ते ही बाई विचारत होती. त्याने टायर आडवा पाडला, त्यावर गुडघा रोवला आणि दोन्ही हातांनी दोन गोट्या एकमेकींपासून फाकवल्या. बुडाशी बारीक बारीक भेगा होत्या, मे महिन्यात तळ्याच्या गाळाला पडतात तशा. मग त्याने ओल्या फडक्याने टायरची बाजू पुसली. प्रत्येक टायरवर चार आकडे असतात. कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या साली तो बनला, ते सांगणारे. आकड्यांची जागा होती, आकडे नव्हते. कानशीने घासून सपाट केलेली. त्याने दुसरा पाहिला, तिसरा पाहिला.

"शेठ, यांची जन्मतारीख कोणं खाल्ली?"

शेठ हसायचा थांबला. "गाडीवरून निघाले तसेच आहेत. घ्यायचे तर घ्या. एक गिऱ्हाईक निघालंच आहे इकडे यायला."

"येऊ द्या त्याले."

मग रबर चढवलेले टायर निघाले. जुन्या टायरच्या सांगाड्यावर नवी नक्षी बसवलेले. असे टायर जागेश्वरने पूर्वी वापरले होते, सांगाडा चांगला असला तर ते दगा देत नाहीत. त्याने आत हात घालून प्रत्येकाची पाठ चाचपली. दोन ठीक होते. तिसऱ्याच्या आत पंजाएवढं ठिगळ लागलं. चौथ्याच्या बाजूला फुगवटा होता. भरलेली गाडी उतारावर, एकीकडे खड्डा, आणि नेमका हा टायर बसला तर? त्याने हात बाहेर काढला.

त्याचा फोन वाजला. केंद्राचा माणूस होता. पिल्लं हौदातून काढायला घेतली होती, आता परत सोडता येत नव्हती.

पावणेनऊ. पाऊस दुकानाच्या पत्र्यावर ताशा वाजवत होता.

दोन नवे घ्यावेत आणि दोन जुन्यांच्या शेजारी बसवावेत? जमलं नसतं. नवा उंच, जुना झिजलेला. सगळा भार नव्यावर येणार आणि जुना नुसता शेजारी लटकणार. लटकणारच असेल तर तो हवा कशाला? हा प्रश्न मनात आला आणि जागेश्वर तिथेच थबकला.

मागच्या साली ट्रॅक्टर येईपर्यंत तो काय करत होता? लोखंडी सब्बल घेऊन जोडीच्या दोन टायरांच्या मधला चिखल काढत होता. दोघांच्या फटीत तो भाकरीच्या पिठासारखा गच्च बसला होता. चाक फिरायचं, पण त्याचा नुसता गोळा झालेला. आणि आज भार तरी किती होता? पाणी आणि पिल्लं मिळून धानाच्या दहा-बारा पोत्यांइतकाच. एकेरी टायर अरुंद, तो वरचा कन्हार कापत खाली मुरमापर्यंत पोचेल.

"शेठ, दोन नवे द्या," तो म्हणाला. "दोन्ही बाजूले एकेकच लावा. जोडीतला दुसरा काढून टाका."

"पागल झाले काय?" शेठ म्हणाला. "सहा चाकांची गाडी चार चाकांवर नेता? काही झालं तर माझ्या दुकानाचं नाव सांगू नका."

"माल हलका आहे. हळूहळू नेईन."

कुंताबाई जवळ आली. "अन् एक फुटला तं?"

"स्टेपनी आहे. पण तेबी गुळगुळीत." तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "चिखलात फुटला तं संपलं."

तिने नव्या टायराच्या गोट्यांत बोट घालून पाहिलं. "मले टायरातलं कळत नाही," ती म्हणाली. "पण आता तुमी झाकून नाही बोलले. लावा."

नव्या टायरांवरचे आकडे त्याने स्वतः वाचले. गेल्याच हिवाळ्यातले होते. बसवताना प्रत्येक नट शेवटपर्यंत जातो की नाही ते बघितलं, मग पान्हा हातात घेऊन पुन्हा आवळला. मागून मेटाडोर आता एखाद्या काटकुळ्या माणसाने मोठा सदरा घातल्यासारखा दिसत होता.

साडेदहाला केंद्रावर पिशव्या गाडीत भरल्या. ताडपत्रीखाली गवत अंथरून, त्यावर पाणी मारून, एकीला एक लागून. साडेतीनच्या आत त्या पाण्यात पडायला हव्या होत्या. हायवेवर गाडीची शेपटी हलत होती. एखादा मोठा ट्रक शेजारून गेला की मागचं अंग एका बाजूला झुकायचं आणि कुंताबाई समोरचा दांडा पकडायची. चाळीसच्या वर जागेश्वरने काटा जाऊ दिला नाही. भंडारा मागे पडलं, तुमसर आलं आणि गेलं. मधे एकदा थांबून त्याने मागच्या टायरांना हात लावून पाहिला. कोमट होते, गरम नव्हते. कुंताबाईने ताडपत्री उचलून एक पिशवी उजेडाला धरली.

"हालून राहिले आहेत," ती म्हणाली.

पावणेदोन वाजले तेव्हा ते कन्हाराच्या तोंडाशी पोचले. पाऊस थांबला होता, पण वाट तेल ओतल्यासारखी चमकत होती. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या पाण्याने भरलेल्या, लांबवर रोपं लावत रोवणा करणाऱ्या बायकांच्या वाकलेल्या पाठी. जागेश्वरने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली. मधे गिअर बदलायचा नाही, ब्रेक दाबायचा नाही, थांबायचं नाही, असं त्याने स्वतःला बजावलं आणि गाडी आत घातली.

पहिल्या शंभर पावलांत मागचं अंग दोनदा घसरलं. मग खालून आवाज यायला लागला. थप, थप, थप. गोट्यांमधून सुटलेला चिखल चाकावरच्या पत्र्यावर आदळत होता. हा आवाज जागेश्वरला हवा होता. चिखल सुटतोय म्हणजे टायर श्वास घेतोय. स्टिअरिंग हातात कोंबडीसारखं फडफडत होतं, पण गाडी पुढे जात होती. खाली कुठेतरी टायरांना टणक लागत होतं, ते त्याला बुडाखाली कळत होतं.

नाल्याचा उतार आला. मागच्या सालचे खड्डे अजून तसेच होते, पाण्याने भरलेले. उतरताना गाडी सरळ उतरली. पलीकडे चढताना मधोमध तिचा वेग कमी झाला, कमी झाला आणि थप थप बंद पडलं. इंजिनचा आवाज एकदम वर गेला. चाकं जागच्या जागी फिरायला लागली.

"भाऊ!" कुंताबाई ओरडली.

त्याचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर होता. सगळं अंग त्या पायाला सांगत होतं, दाब. मागच्या साली त्याने हेच ऐकलं होतं. आणखी चार फेरे आणि चाकाने स्वतःची कबर खणली असती. जागेश्वरने पाय उचलला.

क्लच दाबताच गाडी आपोआप हातभर, दोन हात, चार हात मागे आली. त्याने ती येऊ दिली. दार उघडून वाकून पाहिलं, गोट्यांमधला लगदा पडला होता. मग स्टिअरिंग थोडं डावीकडे, जुनी चाकोरी सोडून, पळसाच्या मुळ्या आणि गवत होतं तिकडे. हळूच पाय टेकवला. गाडी थरथरली. एक टायर घसरला, दुसऱ्याने मुळी धरली. थप. थप थप. आणि मेटाडोर चढ चढून वर आला.

कुंताबाईने पदराने तोंड पुसलं आणि ती हसली. "लागले टायर!" ती म्हणाली. "लागले जी!"

जागेश्वरलाही हसू आलं, पण ते ओठांवर यायच्या आत समोरचं दिसलं. तलाव भरला होता. सांडव्याचं पाणी वाटेवरून आडवं वाहत होतं, वीस-पंचवीस पावलं रुंद, गढूळ, वेगाचं. पलीकडे तलावाची पार, मातीचा बांध, दिसत होती, हाकेच्या अंतरावर. त्याने पाण्याच्या अलीकडे, मुरमावर, गाडी उभी केली.

"थांबले काहून?"

"पायतो जरा."

तो काठी घेऊन पाण्यात उतरला. आठ पावलं तळ टणक लागला. नवव्या पावलाला काठी हातभर आत गेली. तिथे खालचा मोरीचा पाइप होता, त्याच्या कडेची माती पाण्याने खाल्ली होती. किती खाल्ली ते दिसत नव्हतं. तो परत आला.

"जाईल?" कुंताबाईने विचारलं.

"जाईल बी. पलटेल बी."

"आता टायर नवे आहेत. एवढ्या गाऱ्यातून आणली तुमी. दोन वाजून गेले, भाऊ!" तिचा आवाज चढला. तिने मागे जाऊन ताडपत्री उचलली. काही पिशव्यांतली पिल्लं वर येऊन तोंडं उघडत होती. "पाहा! हे पाहा! मागच्या सालासारखं करता काय?"

"मागच्या सालासारखं नाही करत, म्हणूनच थांबलो." जागेश्वर म्हणाला. "तेव्हाबी थांबाले जागा होती. उताराच्या अल्याड मुरूम होता. मले दिसला होता, कुंताबाई. तुमाले बोलावलं असतं तं पिशव्या वाचल्या असत्या. मी दाबली गाडी. लोक काय म्हणतीन म्हणून दाबली."

कुंताबाईने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते बघायची त्याला हिंमत झाली नाही. मग ती वळली, बांधावर चढली आणि तीस वर्षं बाजारात कमावलेल्या आवाजात ओरडली,

"अवो बेबीबाई! उषाबाई! रोवणा सोडा, टोपले घेऊन या! सगळ्याजणी या!"

बांधीतल्या पाठी सरळ झाल्या. बायका चिखल तुडवत, लुगडी खोचत धावत आल्या. जागेश्वरने गाडीची दोरी काढून एक टोक बंपरला बांधलं आणि दुसरं कमरेला गुंडाळून तो पलीकडे गेला. खड्डा टाळून, वरच्या अंगाने. दोरी पळसाला आवळली आणि परत येऊन मधोमध, जिथे ओढ जास्त होती, तिथे पाय रोवून उभा राहिला. बायका दोरीला धरून रांगेत पाण्यात उतरल्या. गाडीवरून कुंताबाई पिशवी उचलायची, ती हातोहात त्याच्यापर्यंत यायची, तो छातीशी धरून पुढच्या बाईकडे द्यायचा. छातीवर दर वेळी पिल्लांची हलकी टकटक लागायची. काही पिशव्यांत ती फार हलकी होती.

एक पिशवी वाहत आलेल्या फांदीला लागून फाटली. चांदीचा एक झोत पाण्यात सांडला आणि दिसेनासा झाला.

"गेले ते वैनगंगेले!" बेबीबाई म्हणाली. कुणीतरी हसलं, पण हात कुणाचे थांबले नाहीत.

शेवटची पिशवी पारीवर गेली तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. जागेश्वर मागोमाग पारीवर गेला. पण पिशव्या लगेच उघडायच्या नव्हत्या. आतलं पाणी आणि तलावाचं पाणी सारखं होईपर्यंत, पंधरा-वीस मिनिटं, त्या तशाच तलावावर तरंगत ठेवायच्या असतात. ती वीस मिनिटं त्याला सगळ्या दिवसापेक्षा मोठी गेली. बायका कडेने बसून होत्या.

कुंताबाईने पहिल्या पिशवीचं रबर सोडलं आणि तोंड पाण्यात वाकवलं. पिल्लं बाहेर आली आणि पाण्यात तशीच लटकून राहिली. एक क्षण. दोन. जागेश्वरने मूठ आवळली. मग एकाने शेपूट मारलं, दुसऱ्याने मारलं आणि सगळी झुंड एका झटक्यात खोल पाण्यात शिरली.

"गेली!" उषाबाई ओरडली. मग सगळ्याच बायकांनी भराभर रबरं सोडायला घेतली.

दोन पिशव्या वाया गेल्या. त्या इंजिनच्या बाजूला, तापलेल्या पत्र्याला लागून होत्या. तिथे आपण जास्त गवत घालायला हवं होतं, हे जागेश्वरच्या लक्षात आलं. त्याने ते कुंताबाईला तसंच सांगितलं. बाकीची पिल्लं तलावात होती.

बायका रोवण्याकडे परतल्या. पाण्यातून गाडीकडे येताना कुंताबाई त्याच्या पुढे चालत होती. अलीकडे आल्यावर लुगड्याचं पाणी पिळत म्हणाली, "मागच्या सालचं आज सांगतलं तुमी. तवाच सांगतलं असतं तं चार शिव्या देल्या असत्या मी, अन् मोकळं झालं असतं."

"आता द्या."

"आता रोवणा रायला आहे माझा." ती गाडीच्या मागे गेली आणि टायरावर चपलेचं टोक मारून पाहिलं. "वळवता कशी हिला?"

वाट अरुंद होती. वळवायला जागाच नव्हती. तो उतार आणि चढ पार करून, सगळ्या कन्हारातून गाडी उलटी मागे न्यायची होती.

"मागं मागं न्या लागते," जागेश्वर म्हणाला. "आरशात चिखल आहे नुसता. दिसत नाही काही."

कुंताबाईने लुगडं पुन्हा खोचलं आणि ती चिखलात उतरून गाडीच्या मागे, त्याला दाराबाहेर वाकून दिसेल अशी उभी राहिली. पोरंबाळं, बाजार आणि बायकांचा गट हाकणारा तिचा हात वर झाला.

"या," ती म्हणाली. "थोडी डावीकडे. अजून. हां, सरळ. अवो सरळ म्हणतलं ना, सरळ!"

जागेश्वरने गिअर टाकला आणि दाराबाहेर वाकून, त्या हाताकडे बघत गाडी मागे घ्यायला सुरुवात केली.